तळघराच्या जिन्यावरचं दार

इमारत जुनी होती, आणि तिचा जिना कुठे थांबत नव्हता. तळघरातून निघायचा, तळमजल्यावर जरा दम घेतल्यासारखा करायचा, डावीकडे वळायचा आणि तसाच चौथ्या मजल्यापर्यंत जायचा. मध्ये दार नाही, आडभिंत नाही. बांधणाऱ्याने खालून हात घातला तो थेट वरच्या टोकाला बाहेर काढला, असं ते काम. या जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीपाशी, बुटक्या स्टुलावर, खुर्चीवाले बसत.

वेताच्या खुर्च्या विणायचा त्यांचा धंदा. बायको गेली आणि बाजारातलं दुकान गेलं, दोन्ही एकाच वर्षात. तळघराची जागा स्वस्तात मिळाली म्हणून ते इथे आले. मुलगा लांबच्या शहरात, त्याच्या फोनवर तब्येतीची चौकशी आणि मग शांतता. दोन गल्ल्या सोडून एक खोली होती, पण ती पाठ टेकण्यापुरती. दिवस सगळा तळघरात. तिथे उजेड बेताचा आणि ओल मनसोक्त. ओलीची त्यांची तक्रार नव्हती. वाळलेला वेत कटकन मोडतो, भिजवलेला सांगाल तसा वाकतो. "माणसाचं तसं नाही," ते म्हणत, "माणूस ओलीत नुसता कुजतो."

हे ते कुणाला म्हणत? तर चौथ्या मजल्यावरच्या बाईंना.

बाई टेलिफोन एक्सचेंजमधून निवृत्त झालेल्या. गुडघे गेले तशा त्या खाली उतरायच्या बंद झाल्या, आणि तेही खुर्चीवाले इमारतीत येण्याच्या आधीच. खुर्चीवाल्यांच्या खुब्यात जुनं दुखणं, त्यामुळे वर चढायचा प्रश्न नव्हता. खुर्च्या आणणारी गिऱ्हाइकं स्वतःच खाली येत. तेव्हा दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नव्हतं. ओळख झाली ती अशी. एका सकाळी एका आरामखुर्चीची पट्टी एकाच भोकात पुन्हा पुन्हा तुटली आणि खुर्चीवाले ओरडले, "मर! मर एकदाची!"

वरून स्वच्छ, तोललेला आवाज आला, "कोण मरतंय?"

खुर्चीवाले दचकले. मान वर करून बघितलं तर नुसती कठड्यांची चौकोनी विहीर आणि पार वर काचेतून झिरपणारा पांढुरका उजेड. ते म्हणाले, "खुर्ची."

"मग हरकत नाही," आवाज म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला खुर्चीवाल्यांनी उगाचच घसा खाकरला. वरून विचारणा झाली, "गेली का?" ते म्हणाले, "नाही, वाचली." आणि मग तो रोजचा पाठ झाला. सकाळी बाई आपली खुर्ची जिन्याच्या कठड्याशी ओढून घेत, मटार सोलत नाहीतर शाल उसवून पुन्हा विणत बसत, खाली खुर्चीवाले पट्ट्या ओढत, आणि मधल्या पोकळीतून बोलणं वर-खाली जाई. ओरडावं लागत नसे. जिना आवाज हातोहात पोचवी.

फोनवरच का नाही बोलत, असं बाईंच्या भाचीने एकदा विचारलं होतं. भाची रविवारी यायची, आठवड्याचं सामान भरून जायची.

"जन्म कानाला यंत्र लावून काढला," बाई म्हणाल्या. "आता फोन लावला की डाव्या कानात शिट्टी वाजते. आणि फोनवर काहीतरी काम असावं लागतं गं. आमचं काही काम नसतं."

खरंच नसे. बाई एक्सचेंजमधल्या गोष्टी सांगत. कुणीतरी रोज रात्री एकच नंबर मागायचा, पलीकडून कुणी उचलायचं नाही, आणि हा माणूस "थँक्यू" म्हणून ठेवायचा. खुर्चीवाले म्हणायचे, "तुम्हीच एखाद दिवशी उचलायचा होतात." बाई म्हणायच्या, "नोकरी गेली असती." मग बराच वेळ कुणी बोलायचं नाही. पण ती शांतताही दोघांची असायची. वरच्या मटाराच्या शेंगा आणि खाली पट्टी घट्ट राहावी म्हणून भोकांत ठोकलेल्या खुंट्या यांचा आवाज त्यात मिसळलेला असायचा.

मग अग्निशमन खात्याचा तपासनीस आला.

शहरात कुठल्याशा जुन्या इमारतीच्या तळघरात आग लागली होती आणि तेव्हापासून सगळ्या जुन्या इमारतींची पाहणी सुरू झाली होती. तपासनीस दमलेला, चांगला माणूस होता. चाळिशीतच खांदे उतरलेले. त्याच्यामागून इमारतीचे सेक्रेटरी जिना उतरले. सेक्रेटरींना तपासणीची भीती वाटत होती आणि ती ते खुर्चीवाल्यांवर काढत होते.

"हे बघा साहेब, मी यांना कितीदा सांगितलंय, जिन्याखाली वेताच्या मोळ्या ठेवू नका म्हणून."

"कधी सांगितलंत?" खुर्चीवाल्यांनी मान वर न करता विचारलं.

"मनात सांगितलंय. तोंडाने आज सांगतोय."

तपासनीस हसला नाही. त्याने जिन्याखालच्या मोळ्या बघितल्या, कपच्यांचं पोतं बघितलं, विजेची शेगडी बघितली. शेगडीवर पाण्याच्या भांड्यात सरसाचं भांडं बसवलेलं होतं; खुर्च्यांचे सांधे चिकटवायला सरस असा पाण्यावर पातळ करतात.

"हे सगळं जिन्यापासून लांब न्यायचं," तो म्हणाला. "पायऱ्यांखाली काही म्हणजे काही नको, साधा झाडूही नको. मागच्या अंगणात उघडणारं दार आहे ना? त्याच्यापुढचं कपाट हलवा. तळघरातून निघायला दुसरी वाट मोकळी पाहिजे. आणि वर, जिना तळमजल्याला लागतो तिथे भिंत आणि दार. आगीला दाद न देणारं, आपोआप बंद होणारं. आतून ढकललं की उघडलं पाहिजे. बाहेरून कडी लावायची नाही."

"दार कशाला?" खुर्चीवाल्यांनी आता मान वर केली. "इतकी वर्षं कुणाचं अडलं नाही."

तपासनीस खालच्या पायरीवर बसला. बहुतेक त्याला बसायलाच हवं होतं. "काका, आग माणसाला नंतर गाठते. आधी धूर गाठतो. आणि धुराला असला जिना मिळाला की तो इथे थांबत नाही, सरळ वर जातो. तुमचा हा जिना म्हणजे धुराडं आहे. इथे पेटलं तर तुम्ही मागच्या दाराने अंगणात जाल. अडकतील ते सगळ्यात वरचे."

"वर पोचायला किती वेळ लागेल?"

"तुम्ही चढून जायच्या आत पोचलेला असेल."

खुर्चीवाल्यांनी ऐकलं, पण त्यांच्या डोक्यात धूर नव्हता. त्यांच्या डोक्यात एवढंच होतं की दार बसलं की आवाज जाणार नाही. ते म्हणाले, "दिवसा उघडं ठेवलं तर?"

"आग वेळ विचारून लागते का?" तपासनीस उठला. "येता-जाता धरा, सोडून द्या. तुमच्या हाताने धरलं तर माझी ना नाही, कारण माणूस पळताना हात सोडतो. पण पाचर मारायची नाही. लोक हमखास पाचर मारतात."

महिन्याच्या आत भिंत उभी राहिली आणि दार बसलं. जड, राखाडी, वरच्या बाजूला लोखंडी दांडा असलेलं. ढकलून बाहेर पडलं की ते मागे सावकाश येई आणि शेवटच्या टप्प्यात कुणीतरी दोन्ही हातांनी ओढून घेतल्यासारखं बसे. पहिल्या सकाळी खुर्चीवाल्यांनी सवयीने खाकरलं आणि ते खाकरणं तळघरातच फिरून त्यांच्याकडे परत आलं. बायको गेली तेव्हा घरात लोक होते, रडारड होती, भांडीकुंडी होती. हे मात्र अगदी चिडीचूप होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसरा मार्ग काढला. जिना चढून दारातून बाहेर आले आणि तळमजल्याच्या पॅसेजमध्ये उभे राहून वर बघत म्हणाले, "बाई, आहात का?"

"आहे," वरून आवाज आला. "काय झालं? आवाज मोठा झालाय तुमचा."

"दार बसवलंय खाली. मी बाहेर आलोय."

"बरं."

मग काय बोलावं ते सुचेना. हात रिकामे होते. वेत हातात नसला की त्यांना शब्दच फुटत नसे. तेवढ्यात तळमजल्यावरच्या बिऱ्हाडातून नवीन सूनबाई बाहेर आली आणि म्हणाली, "कोण हवंय?" खुर्चीवाल्यांना आपण कुणाच्यातरी दाराशी उभं राहून वरच्या बाईंना हाका मारणारा म्हातारा आहोत हे एकदम दिसलं. "कुणी नाही," ते म्हणाले आणि खाली उतरले. तिसऱ्या दिवशी ते स्टूल आणि खुर्ची घेऊनच पॅसेजमध्ये आले, तर सेक्रेटरी धावत बाहेर.

"अहो खुर्चीवाले! निघायच्या वाटेत सामान? साहेबांनी काय सांगितलं? माझ्या गळ्याला फास लावताय का?"

म्हणून मग पाचर आली. खुर्च्यांच्या मोडक्या पायातून त्यांनी ती स्वतःच तासली, दाराच्या खाली बरोबर बसेल अशी. सकाळी बाईंच्या वेळेला मारायची, बोलणं झालं की काढायची. आपल्या परीने ते नियमाशी सचोटीनेच वागत होते.

"आज आवाज नेहमीसारखा येतोय," बाई म्हणाल्या. "दार काढलं की काय?"

"नाही. जरा बाजूला केलंय."

"म्हणजे नियम मोडताय."

"थोडासाच. नियमाला भेग पडलीय एवढंच."

बाई हसल्या. त्यांचं हसणं चार मजले उतरून आलं, आणि खुर्चीवाल्यांनी पट्टी ओढता ओढता मान हलवली, जणू कुणी समोर बसलंय. जिन्याखालच्या मोळ्या त्यांनी हलवल्या, मागच्या दारापुढचं कपाटही हलवलं. कपच्यांचं पोतं तेवढं शेगडीजवळच राहिलं; ते कुठे ठेवायचं हे ठरत नव्हतं.

त्या सकाळी बाई रंगात होत्या. एका ट्रंक कॉलची गोष्ट चालली होती. नवरा-बायको भांडत होते आणि दोघंही मध्ये मध्ये बाईंना विचारत होते, तुम्हीच सांगा चूक कुणाची. खुर्चीवाले जिन्याकडे तोंड आणि कामाच्या जागेकडे पाठ करून बसले होते. मागे शेगडीवर सरस होता. बाहेरच्या भांड्यातलं पाणी बघत राहायचं, आटत आलं की भर घालायची, हे त्यांचे हात झोपेतही करत. आज गोष्ट संपायची होती.

"मग काय सांगितलंत तुम्ही?" त्यांनी विचारलं.

थोड्या वेळाने बाई म्हणाल्या, "तुमच्याकडे काही जळतंय का हो?"

"छे," खुर्चीवाले म्हणाले. सरसाच्या वासात सगळं आयुष्य गेलेलं त्यांचं नाक. करपलेला सरस आणि चांगला सरस यातला फरक ते केव्हाच विसरलं होतं. "काही नाही. तुम्ही सांगा ना, चूक कुणाची?"

वरून खोकला आला. एकदा, मग लागोपाठ. खोकल्याला बाईंचा तो तोललेला आवाज नव्हता. तो कुणा अनोळखी, म्हाताऱ्या बाईचा खोकला होता. खुर्चीवाल्यांनी वर बघितलं. जिन्याच्या दिव्याभोवती निळसर काहीतरी वाहत होतं. ते त्यांच्या डोक्यावरून, छताला धरून, मुकाट्याने चाललं होतं, वर उघड्या दारातून बाहेर. मग ते मागे वळले.

भांड्यातलं पाणी आटून सरस काळा झाला होता, उतू गेला होता आणि पोत्यातल्या कपच्यांनी पेट घेतला होता. ज्वाळा हातभरसुद्धा नव्हत्या. खुर्चीवाल्यांनी शेगडीचं बटण बंद केलं, पिन ओढली आणि वेत भिजवायचा टब पोत्यावर उपडा केला. चरचर झालं, आणि मग मघाच्या कितीतरी पट दाट, पांढरा, ओला धूर उठला. आग विझली होती. तो धूर मात्र आता मोकळा झाला होता आणि त्याला वाट माहीत होती.

"बाई!" खुर्चीवाले ओरडले. "बाई, आत जा! दार लावा!"

उत्तर नाही.

मागचं दार ढकलून ते अंगणात जाऊ शकले असते. ते जिन्यावर चढले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, खुबा प्रत्येक पायरीला बोंब मारत होता. वरच्या पायरीवर त्यांनी पायाने पाचर उडवली आणि बाहेर येऊन अंगाने दार मागे ढकललं. दांड्याने ते सावकाश, त्याच्या त्या थंड शिस्तीने, बसवलं. धूर तुटला. वर गेला तेवढा गेला. पॅसेजमध्ये सेक्रेटरी लुंगी सावरत उभे होते. "काय पेटवलंत? काय पेटवलंत?" त्यांच्याकडे न बघता खुर्चीवाले वर चढू लागले. कठडा धरून, एक पाय ओढत, मध्ये मध्ये "बाई" म्हणत.

चौथ्या मजल्यावर कठड्याशी एक लहानखुरी, पांढऱ्या केसांची बाई खुर्चीत वाकून बसली होती. जमिनीवर मटार सांडले होते. तिला उठता आलं नव्हतं. तोंडावर शाल धरलेली, डोळे लाल. खुर्चीवाल्यांनी जिन्याची खिडकी धक्का मारून उघडली, मग खुर्चीसकट तिला ओढत घरात नेलं आणि दार लावून घेतलं. पाणी दिलं. बराच वेळ ती नुसती खोकत राहिली. मग तिने मान वर करून विचारलं, "कोण तुम्ही?"

"बाई, मी! खाली बसतो तो!" खुर्चीवाले ओरडले.

ती दचकली. "हळू बोला. मी इथेच आहे."

तिने त्यांच्याकडे बघितलं, मग नजर काढून घेतली. त्यांनीही खोलीकडे बघितलं. एक पलंग, एक टेबल, भिंतीला लागून ठेवलेले औषधांचे डबे. खुर्ची ती एकच, आणि ती वेताची नव्हती. प्लॅस्टिकच्या पट्टीची होती.

"ही बदलायला हवी," ते म्हणाले.

"बसता येतं," ती म्हणाली.

खाली लोकांचा गलका चालला होता. वर हे दोघं, ती खुर्चीत आणि ते दाराशी उभे. रोज तासन्‌तास बोलणारी ही दोन माणसं, आणि आता समोरासमोर बोलायला शब्द सापडेना. तिच्या तोंडातून येणारा आवाज ओळखीचा होता, पण तो या सुरकुतल्या तोंडातून येतोय हे खुर्चीवाल्यांना पटत नव्हतं. आणि तिलाही बहुधा हा काळवंडलेल्या हातांचा, धाप लागलेला म्हातारा आपल्या ओळखीच्या आवाजाला जोडता येत नव्हता.

"तुम्हाला आधी कळलं," शेवटी ते म्हणाले. "माझ्या पाठीशी जळत होतं आणि तुम्हाला इथे वर कळलं."

"मला वाटलं भास होतोय."

"मी छे म्हणालो."

"हो. म्हणून बसून राहिले."

हे तिने तक्रारीने म्हटलं नव्हतं. साधं सांगितलं होतं. ती बसून राहिली होती, कारण त्यांनी गोष्ट पुढे सांगा म्हटलं होतं. ते आणखी थोडा वेळ थांबले. खिडकी उघडी ठेवा म्हणाले, भाचीला बोलवा म्हणाले. ती हो हो म्हणाली. निघताना तिने विचारलं, "परत चढायला जमेल का तुम्हाला?" आणि त्यांनी खुब्यावर हात ठेवला. दोघांनीही तेवढ्यावर ते सोडून दिलं.

सेक्रेटरींनी तपासनिसाला बोलावलं नाही. बोलावलं असतं तर त्याने आधी त्यांनाच जाब विचारला असता. "या वेळी माझ्याच घरातलं समजून सोडतो," ते म्हणाले. "पण ती पाचर मला द्या." खुर्चीवाल्यांनी दिली. त्यांना दुसरी तासायला चहा निवायच्या आत जमलं असतं. त्यांनी तासली नाही. पोतं अंगणात गेलं. सकाळी बाईंच्या वेळेला ते जिन्याकडे तोंड करून बसेनासे झाले. स्टूल फिरवून शेगडीकडे तोंड करून बसू लागले. पाठीमागे वर ते राखाडी दार बंद होतं. पलीकडे, चार मजले वर, बाई कठड्याशी येऊन बसतात की नाही, खाकरतात की नाही, हे कळायला आता काही मार्ग नव्हता.

रविवारी दार उघडल्याचा आवाज आला. भाची होती. वरच्या पायरीवर, एका हाताने दार धरून, खाली वाकून बघत होती.

"काका, मावशीने विचारलंय, बरे आहात ना?"

"बरा आहे. त्यांचा खोकला?"

"थांबला. ती म्हणते, आठवडाभर आवाज नाही आला."

"सांगा, दार लावलंय म्हणून."

"एवढंच सांगू?"

"एवढंच."

भाची हलली नाही. तिच्या मागून पॅसेजमधला उजेड पायऱ्यांवर उतरला होता. तिने वर बघितलं, मग खाली. "मी धरून उभी राहते ना थोडा वेळ," ती म्हणाली. "बोला हवं तर. ती कठड्याशीच बसलीय."

खुर्चीवाल्यांच्या हातात अर्धी विणलेली बैठक होती. त्यांनी तोंड उघडलं. वरच्या पोकळीतून, फार लांबून, शेंग मोडल्यासारखा बारीक आवाज आल्याचा त्यांना भास झाला, की आलाच. शेगडीवरच्या भांड्यात पाणी बुडबुडत होतं.

"नको," ते म्हणाले. "सरस चढवलाय."

"मग नंतर येऊ का?"

"सोडा तुम्ही दार. हात भरून येईल."

तिने सोडलं. खुर्चीवाले उठले, भांड्यात पाण्याची भर घातली, आणि पाणी पुन्हा कढत होईपर्यंत तिथेच उभे राहिले.